नाव घ्यायला लावणारा सलोतरी

डाक्टरने बैलाच्या डाव्या कुशीत नळी खुपसली आणि वारा सुटायच्या ऐवजी रक्त आलं. काळं, पातळ, डांबरासारखं. ते त्याच्या पंज्यावर आलं, मनगटावर आलं, शेरवानीच्या बाहीत गेलं. मनगटावर आदल्या दिवशी एका म्हशीने शिंग घासून साल काढलेली होती आणि ती जागा तशीच उघडी होती. बैलाने एकदा पाय ताणले आणि तो मेला. त्याच्या नाकातूनही तसंच रक्त उतरलं आणि जमिनीवर पडून राहिलं, गोठेना.

डाक्टर उकिडवा बसला होता तसाच बसून राहिला. रक्ताकडे बघितलं, मनगटाकडे बघितलं. माझ्या सासूने पुढे होऊन पदराने त्याचा हात पुसायला घेतला, तर त्याने तिला ढकलून दिलं. मग विचारलं,

"मावशी, सकाळी याला थरकाप होता?"

"व्हता."

"ताप?"

"अंगाला हात लावू देत न्हवता."

"आणि मला येऊन सांगितलं, पोट फुगलंय."

"फुगलंच व्हतं की."

"हे काय आहे ते तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हतं."

"मंग नाव का न्हाई सांगितलं?"

सासूने पदर सावरला. "मराठीत मी तिचं नाव घेत न्हाई. आन् इंग्रजीत घ्यायचं न्हाई असं तुमीच म्हनले."

ती काळपुळी होती. मी आता नाव घेते, माझ्याकडे ढोरं नाहीत. काळपुळीचं विष ढोराच्या रक्तात असतं आणि माणसाच्या उघड्या जखमेत गेलं तर माणूसही जातो. डाक्टरला हे माहीत होतं. आम्हालाही माहीत होतं, कारण त्यानेच आम्हाला ते बसवून शिकवलं होतं.

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि ढोरांच्या डाक्टरला सलोतरी म्हणायचे. आमच्या केदारखेड्याला जो सलोतरी आला तो हैद्राबादेकडचा. आमच्या गोठ्याला लागून एक खोली होती, तीच त्याचं घर आणि तोच दवाखाना. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं असं सासूने पहिल्याच आठवड्यात विचारलं, तर म्हणाला, "मला रवंथ न करणारा प्राणी कळत न्हाई." सासूला वाटलं, देवभोळा माणूस आहे, काहीतरी व्रत असेल.

उन्हाळ्यातसुद्धा शेरवानीची सगळी बटणं लावायचा. पायात चपला असायच्या, पण गोठ्यात शिरताना काढून ठेवायचा. मारुतीच्या देवळात मात्र एकदा चपलांसकट चढला. लोक धावून आले तर म्हणाला, "का? इथं कोण आजारी आहे?" बैलांना तो 'आप' म्हणायचा आणि पाटलाला 'अरे'. पाटलाने एकदा रागाने विचारलं की हे काय आहे, तर म्हणाला, "तू शिव्या देऊ शकतो. त्यांना तेही येत न्हाई."

औषधात तो बरा होता, वाईट नव्हता. त्याचं खरं वेड शब्दांचं. नुसतं 'बैलाला बरं नाही' असं म्हटलेलं त्याला चालायचं नाही. धावड्याहून एक माणूस उन्हातून गाय घेऊन चालत आला होता.

"साहेब, गाईचं पोट दुखून राह्यलं."

"कोणतं?"

"आता गाईचंच की."

"गाईला पोटं चार आहेत. कोणतं दुखून राह्यलं?"

तो माणूस गाईभोवती फिरून बघून आला. "साहेब, मला तं एकच दिसतं."

"बस इथं."

मग त्याला सावलीत बसवून, जमिनीवर काडीने गाय काढून, डाक्टरने चार पोटं शिकवली. कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट, खरं पोट. मग त्याचीच इंग्रजी नावं. रुमेन, रेटिक्युलम, ओमॅसम, अबोमॅसम. ती पाठ म्हणून झाल्याशिवाय काढ्याची बाटली देईना. गाय बिचारी उभी. त्या माणसाला तिसरं नाव काही केल्या येईना. शेवटी गाईनेच भस्सकन शेण टाकलं, तिला बरं वाटलं, ती चरायला लागली. तो माणूस उठला आणि म्हणाला, "साहेब, नाव तुमच्याजवळच राहू द्या," आणि गाय घेऊन गेला. डाक्टर दिवसभर चिडलेला. गाय बरी झाली याचं नव्हे, तिसरं पोट राहिलं याचं.

आमच्या घरात वर्षातून चार-दोनदा बोकड पडायचा. एकदा त्याला जेवायला बोलावलं. सासूने वजडी केली होती, चांगली झणझणीत. डाक्टरने पहिला तुकडा उचलला, उजेडात धरला, त्याच्या घड्या बोटाने उलगडल्या आणि म्हणाला, "हे ओमॅसम. पानं मोजा. यात चारा दाबून पाणी काढलं जातं." दुसरा तुकडा उचलला. "जाळी दिसते का? गाईनं खिळा गिळला तर इथंच सापडतो." आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, हात धुऊन उठले. दीर उठला. मी आणि सासू मागून बसणार होतो, आम्ही बसलोच नाही. डाक्टरने एकट्याने भांडं रिकामं केलं आणि स्वैपाकाची तारीफ केली.

थर्मामीटर त्याच्याकडे एकच होता. तो कुठे लावतात हे गावाने बघितलेलं होतं. पाटलाला हिवताप आला तेव्हा पाटलाने माणूस पाठवला की सलोतऱ्याची काच घेऊन या, ताप बघायचा आहे. डाक्टरने निरोप पाठवला, "काच देतो, पण तिला तोंडाची सवय न्हाई. पाटलानं ठरवावं." पाटलाने कुनैन घेतलं आणि अंगावर घोंगडी घेतली.

माणसांकडे बघायची त्याची तऱ्हाच तशी होती. मला दिवस गेले होते तेव्हा मी अंगणात शेणी लावत होते. तो थांबला, मला पुढून बघितलं, बाजूने बघितलं, आणि सासूला विचारलं, "मावशी, ही किती महिन्यांची गाभण आहे?" सासूच्या हातात खराटा होता. तिने तो फेकून मारला. डाक्टर खोलीत गेला आणि दार लावून आतून ओरडला, "विचारायचं म्हणजे बराबर शब्दानं विचारायचं! माणसासाठी वेगळा शब्द कशाला?" सासू बाहेरून ओरडली, "तुज्या मायला विचार!" संध्याकाळी मात्र तिने त्याला भाकरी नेऊन दिली. आत जाऊन ताटली आपटून आली, तेवढंच.

बायकांना शिकवायचं हे त्याच्या डोक्यात कसं आलं ते सांगते. पुरुष शेतात. गोठ्यात बाई असते. शेण ती काढते, धार ती काढते, ढोराने चारा सोडला हे आधी तिला कळतं. म्हणून दुपारी आमच्या ओसरीवर तो बायकांना बसवायचा. मी माहेरी वडीगोद्रीला चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून मला पुढे बसवायचा. बाकीच्या बायका सुरुवातीला मला बघून हसायला यायच्या.

तो शब्द तोडून शिकवायचा. "शेवटी आयटिस आलं की सूज समजायची. बस. पुढं काय आहे ते अंगाचं नाव. मॅस्टायटिस, म्हणजे कासेची सूज. मेट्रायटिस, गर्भाची पिशवी सुजली. आर्थ्रायटिस, सांधा सुजला." आठवडाभरात गावात आयटिसची साथ आली. शेजारीण भांडकुदळ होती, तिला तोंडायटिस झाला. मालक वडिलांच्या जमिनीच्या वाटणीवरून दिराशी बोलेनासे झाले, त्यांना भावायटिस. माझा स्वैपाक बिघडला की सासू म्हणायची, "आज हिला पुन्हा माहेरायटिस झालाय." डाक्टर हे ऐकून रागावेल असं मला वाटलं होतं. तो खूश झाला. म्हणाला, "नियम कळला ना? बिलकुल बराबर."

आणि बायका खरोखर शिकल्या. बुळकांडीला रिंडरपेस्ट, काळपुळीला अँथ्रॅक्स, फऱ्याला ब्लॅक क्वार्टर. म्हाताऱ्या बायकांनी दात नसलेल्या तोंडाने पाठ केलं. सासू सगळ्यांच्या पुढे. वासरू जरा मलूल दिसलं की ती मला हाक मारायची, "अगं, बघ बरं, रिंडरपेस्ट तं न्हाई?" डाक्टरला वाटायचं की आपण या गावात विद्या आणली. त्याची मान आणखी ताठ झाली, आणि ती आधीच फार ताठ होती.

बायका का शिकल्या ते मला माहीत होतं, सगळ्या गावाला माहीत होतं, त्या एकट्याला माहीत नव्हतं. आमच्याकडे ढोरांच्या मोठ्या रोगाचं नाव गोठ्यात घेत नाहीत. रोग म्हणजे एक बाई असते, ती गावोगाव फिरते. वेशीपाशी थांबून ऐकते. कुणी नाव घेतलं की तिला वाटतं आपल्याला बोलावलं. म्हणून आम्ही 'ती' म्हणायचो, किंवा 'पाहुणी'. पण 'ती' म्हटल्यावर कोणती, हे समोरच्याला कळायचं नाही, आणि त्यात फार घोटाळे व्हायचे. डाक्टरने नवी नावं दिली आणि बायकांची सोय झाली. त्या नावाने कितीही ओरडा, वेशीवरच्या बाईला काही कळत नव्हतं.

हे फुटलं ते वरचा साहेब तपासणीला आला तेव्हा. जाडा, हसरा माणूस. डाक्टरने आमच्या ओसरीवर बायका बसवल्या आणि प्रश्न विचारले. धडाधड उत्तरं आली. साहेब चकित झाला. त्याने सासूला विचारलं, "आजी, तुम्हाला मराठी नावं सोडून ही कठीण नावं कशी काय आवडली?"

सासूला खोटं बोलायचं कारणच नव्हतं. ती म्हणाली, "साहेब, ती इंग्रजी शिकलेली न्हाई ना."

"ती कोण?"

सासूने हात हलवून वेशीकडे दाखवलं. "ती वं. आमी तिला हिकडून हाक मारतो आन् तिला पत्ताच न्हाई."

साहेब इतका हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. डाक्टरच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "भले! तुम्ही तर देवीला चकवायचा मंत्र काढला!" आणि चहा पिऊन निघून गेला.

डाक्टर हसला नाही. त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी ओसरीवर उभा राहून त्याने सांगितलं, "आजपासून इंग्रजी बंद. रोगाचं नाव मराठीत घ्यायचं, मोठ्यानं घ्यायचं, गोठ्यात उभं राहून घ्यायचं. जो घेणार न्हाई त्याच्या ढोराला मी हात लावणार न्हाई."

सासू म्हणाली, "डाक्टरसाब, असं करू नका. तुमच्या शब्दानं चांगलं चाललं व्हतं."

"माझे शब्द रोग ओळखायला होते, मावशी. लपवायला न्हाई."

"कशाला का असंना. तुमाला कळत व्हतं ना?"

 पण तो मागे हटला नाही. आणि बायकाही हटल्या नाहीत. मग काय, साधे रोग मराठीत सांगायच्या. खुरकूत, पोटफुगी, हगवण, यांना कुणी भीत नाही. मोठा रोग असला तर त्याचंच एखादं साधं लक्षण सांगायच्या आणि डाक्टरने बघून काय ते ओळखावं, असं सोडून द्यायच्या. बहुतेक वेळा तो ओळखायचा. आमच्या बैलाच्या दिवशी मात्र बैल आडवा पडलेला, पोट नगाऱ्यासारखं, जीव जायच्या घाईत. सासूने पोट सांगितलं. त्याने पोटाची नळी काढली. ताप बघायला थांबला नाही, बैल वाचवायची घाई केली. मी तेव्हा नदीवर होते. आले तेव्हा नळी आत गेलेली होती.

बैल मेल्यावर डाक्टरने हात चुन्याच्या पाण्यात धुतला, लाल औषधाने धुतला. मग मालकांकडून आणि दिराकडून पुरुषभर खड्डा खणून घेतला. कातडं काढू दिलं नाही. बैल पुरून, वर चुना टाकून होईपर्यंत खड्ड्याच्या काठावर स्टूल टाकून बसला आणि कुत्र्यांना दगड मारत राहिला. मधेच मालकांना म्हणाला, "रडू नकोस. जोडीतला दुसरा आहे ना, तो वाचवू." त्याच दिवशी औरंगाबादेला लसीसाठी माणूस पाठवला.

लस आली आणि त्याच दिवशी त्याच्या मनगटावर फोड उठला.

गावातली सगळी ढोरं वेशीबाहेर उभी केली. प्रत्येकाचा मालक डाक्टरच्या तोंडाकडे बघत होता की हा आता नाव घ्यायला लावणार. डाक्टर म्हणाला, "आज काही म्हणू नका. मुकाट पुढं आणा, जल्दी." आणि टोचत सुटला. उजव्या हाताला फोड, म्हणून डाव्याने टोचायचा. विसावा घ्यायला बसला की बायकांना जवळ बोलवायचा आणि बाही वर करायचा.

"बघा. मधे काळं, भोवती पाण्याचे बारीक फोड. दुखतंय का? न्हाई. खाजतंय का? फार. यावरून ओळखायचं. नीट बघून घ्या, दुसरा हात मी देणार न्हाई."

बायका बघायच्या. कुणी रडायला लागली तर हाकलून द्यायचा. म्हणायचा, "डोळ्यांत पाणी असलं की फोड बराबर दिसत न्हाई."

मालक रोज म्हणायचे, जालन्याला चला, मोठ्या दवाखान्यात दाखवू. तो म्हणायचा, "पलीकडच्या आळीची ढोरं राह्यली." ती झाली की म्हणायचा, "वस्तीवरची राह्यली." हात कोपरापर्यंत सुजला, मग शेरवानीची बाही उसवावी लागली. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की तिच्या आत तो सदरा घालत नव्हता.

एका सकाळी सासू त्याला भाकरी वाढत होती. तिच्या अंगठ्याला चिंधी होती, वर हळद.

"अंगठ्याला काय झालं?"

"चटका बसला."

"कशाचा?"

"चुलीचा. चुलीला काय इंग्रजी नाव हाय का?"

त्याने डाव्या हाताने तिचं मनगट धरलं आणि दातांनी चिंधी सोडली. मधे काळं, भोवती पाण्याचे बारीक फोड. त्याने ढकलून दिलं होतं, तरी तिने त्या रात्री तो झोपल्यावर त्याची शेरवानी नेऊन बाही हाताने घासून धुतली होती. ते त्याला माहीत नव्हतं आणि तिने फोड कुणाला दाखवला नव्हता.

डाक्टर इतक्या जोरात ओरडला की गल्लीतली माणसं आली. "गाडी जुंपा! आत्ता! बिलकुल आत्ता!"

वस्तीवरची ढोरं राहिली होती, त्याने ती दिरावर सोपवली, पिचकारी कशी धरायची ते सांगितलं आणि गाडीत चढला. शेजाऱ्याची जोडी घेतली. मालक हाकायला, सासू, मी आणि तो. अर्ध्या वाटेपर्यंत तो सासूला शिव्या देत होता. म्हातारे, मूर्ख बाई, तुझ्यापेक्षा म्हैस बरी, ती निदान ओरडते. सासूही ऐकून घेणारी नव्हती. "आन् तू? सारं गाव टोचत फिरला, सवताला टोचायचं सुचलं न्हाई?" खराटा फेकला त्या दिवसानंतर ती त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे बोलली. मग त्याला तापाची गुंगी आली. सासूने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो पुटपुटायला लागला, रुमेन, रेटिक्युलम, आणि तिथे अडकला. सासू खाली वाकून म्हणाली, "ओमॅसम." तो म्हणाला, "बराबर," आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. जालन्यापर्यंत हेच.

दवाखान्यात गर्दी होती. दारावरच्या माणसाने विचारलं, काय झालंय. मालक म्हणाले, "ताप हाय. हात सुजलाय."

"तिकडं बाकावर बसा. सगळ्यांनाच ताप आहे."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं, मला इंग्रजी शब्द सांगायचा होता, पण सासूने मला हाताने मागे सारलं. डाक्टर जमिनीवर घोंगडीत पडलेला. ती त्याच्या उशाशी उभी राहिली आणि म्हणाली,

"काळपुळी."

आधी हळू म्हणाली. दारावरच्या माणसाला ऐकू गेलं नाही. मग तिने डोक्यावरचा पदर घट्ट केला आणि असा आवाज काढला की तसा मी शेताच्या बांधावरसुद्धा कधी ऐकला नव्हता. "काळपुळी! ढोराची काळपुळी! ह्याला बी हाय आन् मला बी! कुणाला बोलवायचं त्याला बोलवा!"

बाकं रिकामी झाली. आतून दवाखान्याचा डाक्टर धावत आला, गुडघ्यावर बसला, आमच्या डाक्टरचा दंड बघितला, सासूचा अंगठा बघितला. म्हणाला, "अँथ्रॅक्स."

आमच्या डाक्टरने डोळे उघडले. "तिला अँथ्रॅक्स," तो अगदी स्पष्ट म्हणाला. "तिला आधी घ्या. मला सेप्टिसीमिया म्हणा."

शेवटी एमिया आलं की रक्तात गेलं समजायचं, हा नियम आम्हाला आयटिसच्या नंतरच्या आठवड्यात शिकवलेला होता. सासूने माझ्याकडे बघितलं. आम्हा दोघींना कळलं, मालकांना कळलं नाही.

सासूला सुया टोचल्या, त्यालाही टोचल्या. शब्द त्याने बराबर सांगितला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

सासू वाचली. लस टोचलेली ढोरं वाचली, आमच्या जोडीतला दुसरा बैलही वाचला.